आगोटीची बेगमी : अद्भुत खेळांतली कारागिरी आणि रांधप

व्हिडिओ गेममधला स्वयंपाक साधारण दोन सेकंदांत उरकतो. मांस, मीठ आणि एखादी रानमुळी निवडायची, बटण दाबायचं. हंडी हलते, सुरेल आवाज होतो आणि पोतडीत वाटीभर रस्सा जमा होतो. तो प्यायला की नायकाची ताकद वाढते, पुढच्या राक्षसाशी लढताना ती खर्च होते आणि गाडी पुन्हा चुलीपाशी येते. जगभर लाखो खेळाडू रोज असं रांधतात. आपण काय रांधलं हे त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात राहतं.

त्या दोन सेकंदांच्या मागे काय उभं असायला हवं, हा या पुस्तकाचा विषय आहे. जादू, राक्षस आणि हरवलेली राज्यं असलेल्या खेळात तलवार घडवणं, औषध काढणं, टोपली विणणं, भाकरी भाजणं यांची व्यवस्था कशी रचावी, याबद्दल मराठीत सलग लेखन जवळपास नाही. इंग्रजीत आणि जपानीत ते आहे, पण त्यातली चूल, त्यातलं हवामान आणि त्यातली भूक वेगळ्या मुलखाची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : ‘काय अधिक काय म्हणजे काय’ एवढंच विचारणारी व्यवस्था लवकर शिळी होते. ‘केव्हा, कुणाकडून आणि उरलेल्याचं काय’ हे विचारणारी टिकते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा कळलं की संपलं. दुसऱ्या प्रश्नांची उत्तरं दर खेपेला नव्यानं द्यावी लागतात. कोकणातलं घर हेच तीन प्रश्न दरवर्षी सोडवत आलं आहे, म्हणून हे पुस्तक खेडमध्ये बसून लिहिण्यात मला काही विक्षिप्तपणा वाटला नाही.

ज्यांनी हे क्षेत्र बाहेरूनच पाहिलं आहे त्यांच्यासाठी आधी त्याची मांडणी सांगतो. अशा कुठल्याही व्यवस्थेचे चार भाग डोळ्यांना दिसतात. जिन्नस, म्हणजे रानातून, शेतातून, बाजारातून किंवा मारलेल्या प्राण्यापासून मिळणारा माल. साधन आणि जागा, म्हणजे चूल, भट्टी, ऐरण, उखळ. कृती, म्हणजे काय कशात मिसळायचं याचं ज्ञान आणि ते ज्ञान खेळाडूला कुठून मिळतं तो मार्ग. शेवटी फळ, म्हणजे तयार वस्तूनं खेळात पडणारा फरक. पाचवा भाग दिसत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते : वस्तू जगात येते कुठून आणि जगातून जाते कुठे. आवक मोकळी आणि जावक बंद असेल तर आठवड्याभरात प्रत्येकाच्या पोतडीत हजार लोखंडी कांबी साठतात आणि लोहाराला काम उरत नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा १९९७ चा खेळ याचं ठळक उदाहरण. त्याच्या रचनाकारांनी जगातली साधनसंपत्ती बंदिस्त ठेवली होती. जेवढी वापरली जाईल तेवढीच परत जन्माला येईल असा हिशोब होता. खेळाडूंनी वस्तू वापरल्याच नाहीत, साठवल्या. हिशोब कोलमडला आणि माल सतत आत येऊ देऊन दुसऱ्या वाटेनं तो बाहेर काढण्याची पद्धत स्वीकारावी लागली. माणूस साठेबाजी करतो, हे कुठल्याही किराणा दुकानदारानं त्यांना आधीच सांगितलं असतं.

इतिहास फार जुना नाही. १९८७ च्या ‘डंजन मास्टर’मध्ये खाणंपिणं होतं ते फक्त घड्याळ म्हणून : भुयारात रेंगाळलात तर भूक मारील. १९९२ च्या ‘अल्टिमा ७’मध्ये पिठात पाणी घालून कणीक करता येत असे आणि ती भट्टीत ठेवून पाव भाजता येत असे. कथेला त्याची काही गरज नव्हती. पण हे जग आपल्या हाताला दाद देतं, ही भावना त्या पावानं दिली आणि पुढच्या पिढीतल्या अनेक रचनाकारांना तो पावच लक्षात राहिला. १९९७ मध्ये जपानात ‘ॲटेलिए मारी’ आला. त्याची नायिका योद्धा नव्हती, किमया शिकणारी विद्यार्थिनी होती. २००० च्या ‘डायब्लो २’नं एक जादूची पेटी दिली, जिच्यात दोनतीन वस्तू टाकल्या की चौथीच निघायची. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं व्यवसाय ही कल्पना सर्वमान्य केली : तू खाणकाम कर, तू शिवणकाम, आणि स्वयंपाक व मासेमारी सगळ्यांनाच.

मग माइनक्राफ्ट आला. २००९ मध्ये तो लोकांपुढे ठेवला गेला आणि २०११ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. तोवर कारागिरी हा खेळातला जोडधंदा होता, माइनक्राफ्टनं ती खेळाच्या मध्यभागी आणली. तीन बाय तीनच्या चौकटीत वस्तू त्यांच्या आकारात मांडायच्या : दोन काठ्या खाली, तीन दगड वर, झाली कुदळ. कृती खेळात सांगितलेल्याच नव्हत्या. मुलं त्या एकमेकांकडून शिकली, चुलत भावाकडून, वर्गातल्या मित्राकडून. कृतींची वही खेळातच देण्याचं २०१७ मध्ये सुचलं, तोवर एक पिढी तोंडी परंपरेनं तयार झाली होती. त्याच २०१७ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला आणि त्यानं हंडीला प्रयोगशाळा केलं.

आज या क्षेत्रात मला पाच घराणी दिसतात. सीमा पक्क्या नाहीत, चांगले खेळ दोनतीन घराण्यांचं पाणी प्यालेले असतात.

पहिलं घराणं ठरावीक कृतींचं. हे मिळालं की तेच होणार. शिकायला सोपं, तपासायला सोपं, पण सगळ्या कृती माहीत झाल्या की चौकट म्हणजे नुसता गिरणीतला खटका.

दुसरं गुणधर्मांचं. इथे रचनाकार कृती लिहीत नाही, जिन्नसांचे गुण लिहितो आणि फळ त्या गुणांतून निघतं. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये प्रत्येक वनस्पतीचे चार परिणाम आहेत, कच्ची चावून पाहिली की पहिला कळतो, आणि ज्या दोन जिन्नसांचा एखादा गुण जुळतो त्यांचं औषध होतं. २०१३ च्या ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये चार जागांची हंडी आहे, मांसाचा, भाजीचा, फळाचा अंश मोजून पदार्थ ठरतो आणि जागा भरायला काटक्याही चालतात. झेल्डाच्या हंडीत पाच जागा. थंडी वारणारा आणि उष्मा वारणारा जिन्नस एकत्र घातला तर दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. या घराण्याची गरज साध्या गणितातून येते. वीस जिन्नस आणि पाच जागांची हंडी, एकच जिन्नस पुन्हा घालायची मुभा : ४२,५०४ मिश्रणं होतात. एवढ्या कृती कोण लिहिणार?

तिसरं घराणं हाताच्या कसबाचं. ‘मॉन्स्टर हंटर’ २००४ पासून शेकोटीवर मांस फिरवत ठेवतो. सुरावट संपताना नेमक्या क्षणी उचललं तर खरपूस, आधी उचललं तर कच्चं, उशीर झाला तर कोळसा. ‘फायनल फॅन्टसी १४’मध्ये आचारी हा पूर्ण व्यवसाय आहे, प्रगती, दर्जा आणि जिन्नसाची सहनशक्ती सांभाळत एकेक पाऊल टाकावं लागतं. हे घराणं आनंद देतं, पण पन्नासाव्या वेळी तीच कसरत हाताला कंटाळा आणते.

चौथं बाजाराचं. २००३ च्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये एकाच धातूचे वेगवेगळ्या दर्जाचे साठे सापडत आणि काही दिवसांनी ते कायमचे आटत. त्यामुळे कुणाकडे अमुक खेपेचं तांबं आहे यावर नावं होत आणि दुकानं चालत. त्याच वर्षीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये तर जहाजांचा जवळपास सारा व्यवहार खेळाडूंच्याच कारखान्यांवर उभा आहे. इथे कृती महत्त्वाची नसते, ती कुणाकडून करून घ्यायची हे महत्त्वाचं असतं.

पाचवं घराणं आठवणींचं, आणि ते वयानं सगळ्यात लहान. २०१६ च्या ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये शेजाऱ्याशी मैत्री जमली की तो टपालानं पाककृती पाठवतो. २०२३ च्या ‘वेन्बा’मध्ये ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेली एक तमिळ बाई आहे आणि तिच्याजवळ आईची फाटलेली, डागाळलेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी खेळाडूनं अंदाजानं भरायच्या. त्या खेळात राक्षस नाही आणि लढाईही नाही, तरी इडलीपात्राच्या ताटल्या कुठल्या क्रमानं रचायच्या हा त्यात खरोखरीचा पेच होतो.

या पाच घराण्यांच्या बरोबरीनं एक प्रश्न सगळीकडे फिरतो : न जेवल्याची शिक्षा करावी की जेवल्याचं बक्षीस द्यावं? जुने खेळ शिक्षा करत. २०२१ च्या ‘वॅल्हाइम’नं ती काढून टाकली. तिथे उपाशी माणूस मरत नाही, नुसता दुबळा राहतो. वेगवेगळे तीन पदार्थ खाल्ले तर आयुष्य आणि दम दोन्ही वाढतात आणि तोच पदार्थ लागोपाठ दोनदा पोटात घेता येत नाही. एवढ्याशा नियमानं खेळाडू आपसूक ताट वाढून घेऊ लागतो, कुणी उपदेश करावा लागत नाही.

हे सगळं परदेशात घडलं असलं तरी यातला विचार आपल्याला परका नाही. गुणधर्मांच्या घराण्याचं गणित आयुर्वेदानं फार आधी मांडलं. सहा रस घ्या आणि त्यांचे संयोग मोजा : एकेकटे ६, दोन-दोनचे १५, तीन-तीनचे २०, चार-चारचे १५, पाच-पाचचे ६ आणि सहांचा १. एकूण ६३. जुन्या संहितांनी रसांचे हे ६३ भेद खरोखर मोजून ठेवले आहेत. विरुद्धान्नाची कल्पना म्हणजे एकमेकांना मारणाऱ्या गुणांचं कोष्टकच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाला स्वतंत्र जागा दिली. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयानं रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ रचलं आणि त्यात धान्यापासून भाजीपर्यंत जिन्नसांचे गुणदोष नोंदवले. छापील मराठीत १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं, विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याची मापं घरोघर नेली. रचनाकारानं या शेवटच्या पुस्तकाकडे नीट पाहावं. ‘अंदाजानं मीठ’ हे अनुभवी हाताचं ज्ञान आहे, ‘अर्धा चमचा’ हे दुसऱ्याला देता येणारं. खेळात ही दोन्ही ज्ञानं असू शकतात आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणं ही स्वतंत्र मोहीम होऊ शकते.

आता खेडकडे येतो.

जगबुडी नदी, तिच्या काठची पेठ, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले एका ओळीत. रघुवीर घाटानं वर गेलं की सातारा जिल्ह्यातलं कांदाटीचं खोरं. नदीनं खाली गेलं की वाशिष्ठी आणि पुढे दाभोळचं जुनं बंदर. मीठ आणि सुकी मासळी घाट चढून वर जायची, धान्य आणि गूळ खाली यायचा. अद्भुत खेळाला नकाशा लागतो आणि त्या नकाशावर प्रवासाला कारण लागतं. इथे ते तयार आहे : खाली मीठ आहे, वर नाही. पावसात नदी पेठेत शिरते तेव्हा माल माळ्यावर चढवावा लागतो. म्हणजे कोठार किती मोठं आहे एवढ्यानं भागत नाही, ते किती उंचावर आहे हेही खेळाडूनं पाहायला हवं.

व्यवस्था म्हणजे काय ते एका झाडावर दाखवतो. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एप्रिल-मेमध्ये पिकतं. फळं धुऊन फोडायची, साल वेगळी, गर आणि बिया वेगळ्या. गराच्या रसात मीठ घालायचं, साल त्यात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं देत देत सालीचं काळपट आमसूल होतं आणि ते वर्षभर टिकतं. नुसता रस मिठात धरून ठेवला तर आगळ, म्हणजे सोलकढीची सोय. साल साखरेत घातली तर सरबताचं कोकम. बिया वाळवून, फोडून, आतला मगज कुटून पाण्यात उकळला की वर तेल तरंगतं. थंड झालं की ते घट्ट होतं आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका फळातून चार वस्तू निघतात आणि फेकण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही.

एवढं तर कुठलाही खेळ कोष्टकात बसवील. खरी गंमत उन्हात आहे. आमसुलाला कडक ऊन लागतं, तेही ओळीनं बरेच दिवस. मेच्या अखेरीस आभाळ भरून येतं. अंगणात साल पसरलेली आहे, पुटं अर्धीच झाली आहेत. आता काय करायचं? उरलेल्या फळांची आगळ करून टाकायची, की आणखी चार दिवस ऊन पडेल या भरवशावर आमसुलाचा डाव खेळायचा? आगळीला उन्हाची गरज फारशी नाही पण मीठ बरंच लागतं, आणि मीठ तर आपण गेल्या महिन्यात घाटावर विकून बसलो. इथे खेळाडू प्रथमच विचारात पडतो. कृती त्याला पाठ आहे, तरी निर्णय सोपा होत नाही. या पुस्तकाचा गाभा शोधायचा तर तो या अंगणात आहे.

फणसाचंही तसंच. कोवळी कुयरी भाजीला. पिकला की फोडल्यावर कळतं, कापा आहे की बरका. काप्याचे गरे खायचे. बरक्याचा रस काढून सांदणं करायची नाहीतर फणसपोळी वाळवायची. आठळ्या जपून ठेवल्या तर पावसात उकडून खायला होतात, वरचं टरफल गुरांना. हाताला तेल न लावता फणस चिरायला बसलं तर चीक दिवसभर सोडत नाही. ‘आधी तेल’ ही पूर्वअट खेळाडूला सूचनाफलकावर वाचायला लावू नये, एकदा चिकट हातांनी दार उघडायला लावावं. काजूच्या टरफलातलं तेल अंगावर उठतं, म्हणून बी भाजणं हे जोखमीचं काम. अद्भुत खेळात अग्निसर्पाचं विष काढण्याला याहून चांगला नमुना सापडणार नाही.

पाऊस लागायच्या आत सगळी साठवण उरकायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्याआधी सोडे, सुकट, बोंबील घरात पडलेले हवेत. कुळीथ भाजून, भरडून, दळून त्याची पिठी डब्यात हवी. लाकडं पडवीत रचलेली हवीत. खेळाच्या भाषेत ही मुदत आहे. मुदतीमुळे साठेबाजीला अर्थ येतो, आणि पाऊस लागला की तो साठा खर्च होतो, म्हणजे जावकीचीही सोय होते. अल्टिमा ऑनलाइनला जो पेच सुटला नाही तो ऋतू आपल्या परीनं सोडवतो. मुदती सणांच्याही असतात. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात तोवर मोदकाच्या पिठीची सोय झालेली असावी लागते. दुसऱ्या दिवशीच्या ऋषीपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टानं पिकलेलं काही चालत नाही. हा नियम जिन्नस कुठला हे विचारत नाही, तो कुणाच्या श्रमानं आला हे विचारतो. जगातल्या मोठमोठ्या स्टुडिओंच्या खेळांत असा नियम माझ्या पाहण्यात नाही, आणि राबवायला तो अगदी सोपा आहे : प्रत्येक जिन्नसावर एक खूण.

कारागिरीचं उदाहरण घ्यायचं तर कात घ्या. खैराच्या लाकडाचा आतला लाल गाभा तासून त्याच्या ढलप्या काढायच्या, पाण्यात उकळायच्या, काढा गाळून आटवायचा, घट्ट झाला की थंड करून वड्या पाडायच्या. लाकूड, पाणी, सरपण आणि दिवसचे दिवस आच. कातकऱ्यांनी हा धंदा पिढ्यान्पिढ्या केला आणि त्यांची ओळखही त्यावरूनच पडली.

आणि इथेच सावध व्हायला हवं. जंगलावरचा हक्क आक्रसत गेल्यावर कातकरी समाज कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे वळला. सरकारदरबारी त्याची नोंद आदिम जमात म्हणून आहे. खेळात ‘खैरकात +५’ अशी वस्तू टाकणं दोन मिनिटांचं काम, पण ज्यांचं ज्ञान आपण वापरतो ते त्या जगात दिसणार की नुसतं झाड दिसणार? बलुतेदारीबद्दलही हेच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्या कामाची आणि धान्याच्या मोबदल्याची जी व्यवस्था नोंदली, ती वाचताना कुठल्याही रचनाकाराच्या तोंडाला पाणी सुटेल : पैशाविना चालणारा कारागिरांचा तयार बाजार! पण त्या बाजारात कुणी कुठलं काम करायचं ते जन्मानं ठरत होतं, आणि कुणाच्या चुलीवरचं कोण खातं, कुणी कुठलं पाणी भरायचं, हेही. अद्भुत राज्यात जात दाखवा असा माझा आग्रह नाही. ती व्यवस्था उचलताना आपण काय गाळलं हे रचनाकाराला तरी ठाऊक असावं, एवढाच आहे. गाळणं हाही निर्णय असतो, तो झोपेत होऊ नये.

दुसरी सावधगिरी उलट बाजूची. अस्सलपणाच्या नादात खेळाडूला खरोखर आठ दिवस आमसुलं वाळवायला बसवलं तर तो खेळ राहणार नाही, ती सक्तमजुरी होईल. वास्तवातून घ्यायचा तो निर्णय, घ्यायचं नाही ते ओझं. पंधरा पुटांची तीन करावीत, आभाळाची भीती मात्र पुरती ठेवावी.

हे पुस्तक आत्ताच का? एक कारण बाजाराचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ २०२० मध्ये जगभर खेळला गेला. भारतीय पुराणकथा, इथली वास्तुकला आणि चित्रशैली घेऊन मोठ्या व्यासपीठांवर उतरता येतं हे त्यानं दाखवलं. त्यात रांधप नाही. ती जागा मोकळीच आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी कृती दल जाहीर झालं, महाराष्ट्रानं २०२५ मध्ये या क्षेत्राचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. ‘गोडो’सारखं गेम इंजिन २०१४ पासून सर्वांना फुकट खुलं आहे, आणि खेड-दापोली-चिपळूणची मुलं पुण्यामुंबईच्या स्टुडिओंत कामाला लागली आहेत. तंत्र हाताशी आहे. त्या तंत्रात काय भरायचं हा प्रश्न आला की मात्र हात अजून परदेशी नमुन्यांकडे जातो : तीच लाकडी बुधली, तोच स्ट्यू, तीच बेरी.

दुसरं कारण घरातलं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखायची सोय झाली. पुटं कधी थांबवायची हे ओळखणारे हात राखायची सोय कुठल्या कायद्यात नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९७२ पासून इथल्या पिकांवर केलेलं काम छापील आहे. अंगणातलं ज्ञान बरंचसं अजून तोंडी आहे आणि ते ज्यांच्यापाशी आहे त्यांतले बरेच जण सत्तरीच्या पुढे आहेत. खेळ हे संग्रहालय नव्हे. पण खेळ एक गोष्ट करू शकतो जी पाककृतीचं पुस्तक करू शकत नाही : आभाळ भरून आल्यावरची घालमेल तो दुसऱ्याला देऊ शकतो.

या पुस्तकात एक काल्पनिक खोरं आरंभापासून अखेरपर्यंत सोबत चालतं. वर घाट, खाली खाडी, मध्ये दर पावसात पेठेत शिरणारी नदी आणि तीन किल्ले, त्यांतल्या एकात काय आहे ते सांगत नाही. त्या खोऱ्यासाठी आपण जिन्नस निवडतो, त्यांना गुण देतो, चुली मांडतो, हिशोब बिघडवतो आणि दुरुस्त करतो. संगणकाची भाषा येत नसेल तरी चालेल. जिथे कोष्टक लागतं तिथे ते वहीत आखता येईल इतकं साधं ठेवलं आहे. ज्यांना ती येते त्यांनी आकडेमोडीची पानं वगळू नयेत, कारण रुचकर कल्पना बहुधा तिथेच करपतात. इथे दिलेल्या कृती कोकणातल्या आहेत म्हणून खेळही कोकणातलेच व्हावेत असं नाही. विदर्भातल्या मोहाला, सोलापूरच्या ज्वारीला, खानदेशातल्या मिरचीला त्यांचे त्यांचे ऋतू आहेत आणि त्यांच्या त्यांच्या मुदती.

आणखी एक विनंती. पुस्तक संपल्यावर लगेच संगणक उघडू नका. आपल्या घरातला एक जिन्नस निवडा. त्याच्या चार वस्तू लिहा, प्रत्येकीला लागणारे दिवस लिहा आणि वर एक मुदत ठेवा. काडेपेटीच्या काड्या म्हणजे दिवस, शेंगदाणे म्हणजे मीठ, एवढ्यावर डाव मांडा आणि घरात ज्यांनी ते काम खरं केलं आहे त्यांना खेळायला बसवा. ते नियमांत चुका काढतील, त्या लिहून घ्या. डाव संपल्यावर त्यांनी ‘पुन्हा मांड’ म्हटलं तर तुमची व्यवस्था उभी राहिली असं समजा. नाही म्हटलं, तर कृती वाढवू नका, मुदत बदला.